बीओएमच्या ड्रिल-डाउन अहवालाची बेरीज पुन्हा पुन्हा का चुकते : दोष ओळखण्याची आणि काढण्याची रीत

कोकणातील मिरजोळे, लोटे किंवा कुडाळ येथील औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मध्यम कारखान्यांत एक तक्रार ठराविक हंगामात ऐकू येते. १ जूनला मासेमारीबंदी सुरू झाली की मिरकरवाडा, हर्णे, साखरीनाटे, मालवण येथील नौका किनाऱ्याला लागतात, विंच (जाळे ओढण्याची यंत्रे) आणि गिअरबॉक्स दुरुस्तीला निघतात, आणि त्यामुळे मे महिन्यातच सुट्या भागांची मागणी काढावी लागते. त्या वेळी संगणकावरचा ड्रिल-डाउन अहवाल, म्हणजे ओळीवर क्लिक करत खालचे भाग उघडत नेणारा अहवाल, एक आकडा सांगतो, स्टोअरमधील माणूस दुसरा सांगतो आणि जोडणी विभागाला प्रत्यक्षात लागणारा आकडा तिसराच निघतो. मग कोणीतरी रात्री बसून एक्सेलमध्ये आकडे हाताने जुळवतो, हंगाम निभावतो, आणि पुढच्या मे महिन्यात तोच प्रकार पुन्हा घडतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीकडून येणारे कास्टिंग आंबा घाटातून येते, आणि पावसात घाटात दरड कोसळली की मागवायचे राहून गेलेले नग आणखी लांबतात. त्यामुळे येथे चुकीच्या बेरजेची किंमत घाटावरच्या कारखान्यापेक्षा जास्त मोजावी लागते.

हा दोष माहिती भरणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा आहे असे बहुतेक ठिकाणी गृहीत धरले जाते. माझ्या मते दहापैकी सात-आठ वेळा माहिती बरोबर असते, अहवालाची रचनाच चुकलेली असते. बीओएम (बिल ऑफ मटेरियल्स), म्हणजे कोणत्या असेंब्लीत कोणता भाग किती लागतो याची नोंद, कागदावर झाडासारखी दिसते म्हणून अहवाल बनवणारा तिला झाड समजतो. पण झाडाच्या पानाला एकच फांदी असते, आणि बेअरिंग मात्र एकाच विंचमध्ये तीन ठिकाणी बसते. अहवालात दोन प्रकारचे आकडे शेजारी शेजारी उभे असतात : काही आकडे त्या भागाच्या त्या जागेवरील वापराचे असतात आणि काही आकडे त्या भागाचे स्वतःचे असतात. या दोन प्रकारांची सरमिसळ झाली की पुढे दिलेली जवळजवळ सगळी लक्षणे दिसू लागतात.

पुढील सर्व चर्चेसाठी एक छोटा विंच घेऊ. हा नमुना मुद्दाम लहान ठेवला आहे, प्रत्यक्षातील विंचमध्ये याच्या अनेक पट ओळी असतात.

ट्रॉल विंच : १ नग
— ड्रम असेंब्ली : २
— — ६२०८ बेअरिंग : २
— — एम१२ बोल्ट : ८
— — गाईड रोलर संच : १
— गिअरबॉक्स : १
— — मधला शाफ्ट संच : १
— — — ६२०८ बेअरिंग : २
— — एम१२ बोल्ट : ६
— फ्रेम : १
— — एम१२ बोल्ट, वरची बाजू : ८
— — एम१२ बोल्ट, खालची बाजू : ८
— — गाईड रोलर संच : १

गाईड रोलर संचात, तो कोठेही बसला तरी, एक रोलर आणि ६२०४ क्रमांकाची दोन बेअरिंगे असतात.

पहिले लक्षण : खरेदीसाठी निघालेला आकडा कमी पडतो

बारा विंचची ऑर्डर आहे असे समजा. बीओएमच्या तक्त्यात एम१२ बोल्टच्या चार ओळी आहेत आणि त्यांतील नगसंख्या ८, ६, ८ आणि ८, म्हणजे एकूण ३० आहे. अहवालाने ही बेरीज बाराने गुणून ३६० दाखवली, तर जोडणीच्या वेळी ९६ बोल्ट कमी पडतील. कारण ड्रम असेंब्ली एका विंचमध्ये दोन लागतात, म्हणून त्या शाखेतील ८ चे १६ होतात, आणि खरी गरज १६ अधिक ६ अधिक १६, म्हणजे प्रति विंच ३८ व बारा विंचना ४५६ इतकी आहे. वरून खाली येताना प्रत्येक पातळीवरील नगसंख्येचा गुणाकार करायचा आणि एकाच भागाच्या वेगवेगळ्या मार्गांची शेवटी बेरीज करायची, हा क्रम आहे. तो सर्वांना तोंडपाठ असतो, तरीही अहवालात तो मोडतो, कारण अहवाल साधनाला ‘नगसंख्या’ हा स्तंभ दिला की ते आपल्या स्वभावाप्रमाणे त्याची सरळ बेरीज करून मोकळे होते.

यावर उपाय असा की अहवालाला मूळ नगसंख्या बेरजेसाठी द्यायचीच नाही. क्वेरीमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या आज्ञेत) ‘एकत्रित नगसंख्या’ हा वेगळा स्तंभ तयार करावा, म्हणजे वरच्या ओळीची एकत्रित नगसंख्या गुणिले या ओळीची नगसंख्या, आणि बेरीज फक्त त्याच स्तंभाची व्हावी. मूळ नगसंख्या वाचण्यासाठी दाखवावी, पण तिच्यावर बेरजेचा नियम बंद ठेवावा. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्ही डेटाबेसांत रिकर्सिव्ह क्वेरीच्या, म्हणजे स्वतःच्याच निकालावर पुन्हा चालून पातळीपातळीने खाली जाणाऱ्या क्वेरीच्या, आवर्ती भागात बेरीज करता येत नाही. ही अडचण वाटली तरी ती हिताची आहे, कारण गुणाकार आत आणि बेरीज बाहेर ही शिस्त त्यामुळे आपोआप पाळली जाते.

आता एक गंमत पाहा. ३० हाच चुकीचा आकडा अगदी वेगळ्या दोषातूनही येऊ शकतो. फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या बोल्टच्या दोन ओळींत असेंब्ली तीच, भाग तोच आणि नगसंख्याही तीच आहे. रिकर्सिव्ह क्वेरी लिहिताना ‘युनियन ऑल’ऐवजी नुसते ‘युनियन’ वापरले असेल, तर डेटाबेस या दोन ओळी एकसारख्या समजून एक गाळून टाकतो आणि ३८ चे ३० होतात. पहिल्या दोषाची दुरुस्ती करूनही आकडा ३० वर अडकलेला दिसला तर माणूस चक्रावतो आणि दुरुस्ती लागूच झाली नाही असे समजतो. म्हणून बीओएमच्या प्रत्येक ओळीला स्वतःचा ओळक्रमांक असावा आणि तो क्वेरीत सोबत न्यावा, म्हणजे दोन सारख्या ओळी वेगळ्या राहतात. आणि ‘युनियन ऑल’च वापरावे. ते वापरल्यावर क्वेरी थांबतच नसेल तर त्याचे कारण निराळे असते, त्याचा विचार पुढे केला आहे.

दुसरे लक्षण : एका ओळीवर क्लिक केले की खालचे भाग दुप्पट दिसतात

हे लक्षण सर्वांत फसवे आहे, कारण एकंदर बेरजेचा अहवाल बरोबर असतो आणि ड्रिल-डाउन तेवढे चुकते. बहुतेक ठिकाणी रात्री एकदा पूर्ण बीओएम उलगडून एका तक्त्यात साठवतात, त्यात भाग, त्याची वरची असेंब्ली, पातळी आणि एकत्रित नगसंख्या हे स्तंभ असतात. नंतर अहवालात ‘या ओळीखालील घटक दाखवा’ ही जोडणी (जॉइन) वरच्या असेंब्लीच्या क्रमांकावर केली जाते.

आपल्या विंचमध्ये गाईड रोलर संच दोन ओळींवर येतो, एक ड्रमखाली आणि एक फ्रेमखाली. ६२०४ बेअरिंगही त्या साठवलेल्या तक्त्यात दोन ओळींवर येते, ड्रममार्गे ४ नग आणि फ्रेममार्गे २ नग. दोन्ही ओळींची वरची असेंब्ली एकच, गाईड रोलर संच. वापरकर्त्याने ड्रमखालील संचावर क्लिक केले की त्या क्रमांकाशी जुळणाऱ्या दोन्ही ओळी उघडतात आणि ६ बेअरिंगे दिसतात. फ्रेमखालील संचावर क्लिक केले तरी पुन्हा ६ दिसतात. एका विंचला ६२०४ ची ६ बेअरिंगे लागत असताना अहवालाच्या दोन फांद्या मिळून १२ दाखवतात. संच तीन ओळींवर असता तर प्रत्येक घटक-ओळ तीन वेळा, म्हणजे तीनच्या जागी नऊ ओळी दिसल्या असत्या. दोन, तीन, चार ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या संचाचेच आकडे फुगतात आणि एकाच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या भागांचे बरोबर येतात, अशी तक्रार ऐकली की दुसरीकडे शोधण्याचे कारण उरत नाही.

येथे दुरुस्ती एकच : अहवालातील ओळीची ओळख भागाच्या क्रमांकाने न ठरवता मार्गाने ठरवावी. मार्ग म्हणजे विंचपासून त्या ओळीपर्यंतच्या सर्व ओळक्रमांकांची साखळी. प्रत्येक ओळीजवळ स्वतःचा मार्ग आणि वरच्या ओळीचा मार्ग असे दोन स्तंभ ठेवावेत आणि ड्रिल-डाउनची जोडणी त्या दोहोंवर करावी. भागाचा क्रमांक हा त्यानंतर फक्त वाचण्याचा आणि आयटम मास्टरमधून (भागांच्या मूळ यादीतून) नाव, एकक, दर आणण्याचा स्तंभ राहतो.

ज्यांचा अहवाल पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल साधनामध्ये आहे त्यांना हाच दोष वेगळ्या रूपात भेटतो. तेथील ‘पाथ’ हे फंक्शन प्रत्येक क्रमांकाला एकच पालक आहे असे धरून चालते, आणि एकाच भागाला दोन वेगवेगळे पालक मिळाले की चूक झाल्याचा संदेश देऊन थांबते. बरेच जण तेव्हा बीओएममधील ‘जादा’ ओळ काढून टाकतात, संदेश जातो आणि अहवाल चालू लागतो, पण फ्रेमवरील गाईड रोलर संच कायमचा गायब होतो. हा संदेश आला की माहितीला हात लावू नये. मार्गाचे दोन स्तंभ डेटाबेसमध्येच तयार करावेत आणि ‘पाथ’ला भागाच्या क्रमांकाऐवजी ते द्यावेत.

ही अडचण आजची नाही. आयबीएमने १९६६ पासून अपोलो मोहिमेसाठी जी आयएमएस ही डेटाबेस प्रणाली घडवली, तिच्यापुढचे एक मोठे काम सॅटर्न-५ अग्निबाणाच्या प्रचंड बीओएमचा हिशेब ठेवण्याचे होते, आणि तिची मांडणी झाडासारखी श्रेणीबद्ध होती. पुढे १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल, म्हणजे माहिती सपाट तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीची मांडणी केली, तेव्हा त्यांच्या शोधनिबंधातील उदाहरणांपैकी एक भाग, घटक-भाग आणि नगसंख्या अशा तीन स्तंभांचेच होते. आपल्या कारखान्यातील बीओएमचा तक्ताही मुळात तेच तीन स्तंभ आहे. त्या सपाट तक्त्याला आपण अहवालात पुन्हा झाडाचे रूप देतो आणि तेथेच अडकतो.

तिसरे लक्षण : प्रत्येक ओळ ‘साठा पुरेसा’ म्हणते आणि तरीही माल संपतो

६२०८ बेअरिंग घेऊ. ४० मिलिमीटरच्या शाफ्टला बसणारे हे बेअरिंग कोकणातल्या कोणत्याही बऱ्या हार्डवेअर दुकानात मिळते, त्यामुळे ते कमी पडेल असा संशय कोणाला येत नाही. बारा विंचना ड्रममार्गे ४८ आणि गिअरबॉक्समार्गे २४, अशी ७२ लागतात. स्टोअरमध्ये ६० आहेत. ड्रिल-डाउनमध्ये ड्रमची ओळ म्हणते, गरज ४८, साठा ६०, पुरेसा. गिअरबॉक्सची ओळ म्हणते, गरज २४, साठा ६०, पुरेसा. दोन्ही ओळी हिरव्या, आणि प्रत्यक्षात १२ बेअरिंगांचा तुटवडा. त्यातच तळाच्या बेरजेत साठा १२० दिसला की व्यवस्थापकाला वाटते, माल भरपूर आहे.

वर म्हटलेली सरमिसळ येथे उघडी पडते. गरज ही वापराची, म्हणजे मार्गाची असते, तर साठा, खरेदी दर, मागवलेली पण न आलेली मात्रा, पुरवठ्याला लागणारे दिवस हे सगळे भागाचे असते. भागाचा आकडा मार्गाच्या ओळीवर छापला की तो जितक्या ओळींवर छापला जाईल तितक्या वेळा मोजला जातो. माझे ठाम मत असे आहे की ड्रिल-डाउनच्या ओळीवर साठा दाखवूच नये. ड्रिल-डाउन हा रचना समजून घेण्याचा अहवाल आहे. तुटवडा काढण्यासाठी दुसरा, सपाट अहवाल असावा, ज्यात एका भागाची एकच ओळ असते, सर्व मार्गांची गरज एकत्र झालेली असते आणि साठा एकदाच वजा होतो. त्या ओळीवर क्लिक केले की ‘हा भाग कोठे कोठे लागतो’ ही उलटी साखळी उघडावी. पुष्कळ ठिकाणी व्यवस्थापक दोन अहवालांना तयार नसतात, त्यांना सगळे एकाच पडद्यावर हवे असते. अशा वेळी ड्रिल-डाउनमध्ये साठ्याऐवजी त्या भागाची सर्व मार्गांवरील एकूण तूट दाखवावी आणि त्या स्तंभाची बेरीज बंद ठेवावी, म्हणजे निदान हिरवा रंग खोटे बोलणार नाही.

उपअसेंब्लीच्या साठ्याबाबत आणखी एक बारकावा आहे. तयार ड्रम असेंब्ली स्टोअरमध्ये ५ पडून असतील, तर २४ पैकी १९ च बनवायच्या आहेत आणि खालच्या बेअरिंगांची गरजही १९ च्या हिशेबाने काढायला हवी. मात्र ही वजावट वरून खाली, एकेक पातळी संपवत करावी लागते, आणि एखादा भाग वेगवेगळ्या पातळ्यांवर येत असेल तर तो ज्या सर्वांत खालच्या पातळीवर येतो तेथे पोहोचेपर्यंत त्याचा साठा वाटायचा नसतो. एमआरपीमध्ये (साहित्याच्या गरजेच्या नियोजनात) यासाठी प्रत्येक भागाला ‘लो-लेव्हल कोड’ देतात. आपल्या नमुन्यात ६२०८ बेअरिंग ड्रममार्गे दुसऱ्या आणि गिअरबॉक्समार्गे तिसऱ्या पातळीवर आहे, म्हणून त्याचा कोड ३ होतो. ही वजावट साध्या रिकर्सिव्ह क्वेरीत बसत नाही. पातळीनिहाय फेऱ्या चालवणारी स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्राम) लिहावी किंवा ईआरपीतील (कारखान्याच्या एकत्रित संगणक प्रणालीतील) एमआरपीचा निकाल जसाच्या तसा घ्यावा, अहवाल साधनात ते गणित घुसडू नये.

चौथे लक्षण : क्वेरी थांबतच नाही, किंवा अर्ध्यावर तुटते

बीओएममध्ये कोठेतरी वर्तुळ तयार झालेले असते. आपल्या पट्ट्यात त्याचे नेहमीचे कारण दुरुस्तीचा गिअरबॉक्स हे असते. नौकामालकाकडून जुना गिअरबॉक्स परत घ्यायचा, बेअरिंग-सील बदलायचे आणि नूतनीकरण केलेला गिअरबॉक्स म्हणून द्यायचा, अशी पद्धत असते. त्या नूतनीकरण केलेल्या गिअरबॉक्सच्या बीओएममध्ये जुना गिअरबॉक्स घटक म्हणून लिहिला आणि दोघांना एकच क्रमांक दिला, की गिअरबॉक्सच्या आत गिअरबॉक्स आणि त्याच्या आत पुन्हा गिअरबॉक्स.

डेटाबेस यावर वेगवेगळे वागतात. एसक्यूएल सर्व्हर १०० फेऱ्यांनंतर चूक झाल्याचा संदेश देऊन थांबतो, मायएसक्यूएल ८.० मध्ये ही मर्यादा १००० आहे, आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशी मर्यादाच नसल्याने तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरेपर्यंत क्वेरी चालू राहू शकते. संदेश आला म्हणून मर्यादा वाढवणे हा उपाय नव्हे. कोणत्याही विंचचे बीओएम शंभर पातळ्या खोल नसते. ‘युनियन’ वापरून वर्तुळ तुटेल ही आशाही फोल आहे, कारण क्वेरीत पातळीचा किंवा मार्गाचा स्तंभ असला की प्रत्येक फेरीची ओळ आधीपेक्षा वेगळी ठरते आणि काहीच गाळले जात नाही.

यासाठी ओळक्रमांकांच्या मार्गाबरोबर भागक्रमांकांचीही साखळी न्यावी आणि पुढचा भाग त्या साखळीत आधीच असेल तर तेथे थांबून ओळीवर खूण करावी. साखळीत शोधताना दोन्ही बाजूंना विभाजक चिन्ह असावे, नाहीतर १२ हा क्रमांक ११२ मध्येही सापडतो आणि वर्तुळ नसताना फांदी कापली जाते. पोस्टग्रेएसक्यूएल १४ पासून यासाठी ‘सायकल’ हे कलम मिळते, ओरॅकलच्या ‘कनेक्ट बाय’मध्ये ‘नोसायकल’ आहे. खूण केलेल्या ओळींची यादी डिझाइन विभागाला रोज जावी, आणि खरी दुरुस्ती, म्हणजे जुन्या गिअरबॉक्सला स्वतंत्र क्रमांक देणे, तेथेच व्हावी.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांना एक सूचना. तेथे रिकर्सिव्ह क्वेरीतील स्तंभाची रुंदी पहिल्या, अनावर्ती भागावरून ठरते. पहिला मार्ग चार अक्षरांचा असेल तर पुढचे मार्ग त्या रुंदीत बसत नाहीत, मग कडक मोडमध्ये संदेश येतो आणि सैल मोडमध्ये मार्ग मुकाट्याने कापला जातो. पहिल्या भागातच मार्गाचा स्तंभ ऐसपैस रुंदीचा जाहीर करावा. मायएसक्यूएल ५.७ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर तेथे रिकर्सिव्ह क्वेरीच नाही, आणि पाच-सहा जोडण्या एकात एक रचून काम भागवलेले असते. अशा अहवालात सातव्या पातळीचे भाग कोणताही संदेश न देता दिसेनासे होतात.

पाचवे लक्षण : कालपर्यंत बरोबर असलेला अहवाल आज चुकतो

येथे तारखा तपासाव्यात. बीओएमच्या ओळीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा असतात. खाऱ्या हवेमुळे जस्त लावलेले बोल्ट गंजतात म्हणून ३१६ दर्जाच्या स्टेनलेस बोल्टवर जायचे ठरले, की जुनी ओळ बंद होते आणि नवी सुरू होते. जुनी ओळ ३१ मार्चपर्यंत आणि नवी ३१ मार्चपासून लिहिली तर त्या एका दिवशी दोन्ही बोल्ट मोजले जातात. ‘पर्यंत’ची तारीख रिकामी ठेवलेली असेल आणि अट फक्त ‘पर्यंतची तारीख आजपेक्षा मोठी’ अशी असेल, तर चालू असलेल्या सगळ्या ओळी गळतात, कारण रिकाम्या मूल्याशी केलेली तुलना खरी ठरत नाही. आणि तारखेबरोबर वेळही साठवली जात असेल, तर ३१ मार्च ही मध्यरात्रीची वेळ ठरते आणि त्या दिवशी दुपारी काढलेल्या अहवालात ती ओळ सापडत नाही. ‘पासून’ धरून आणि ‘पर्यंत’ सोडून असा एकच नियम सर्वत्र ठेवला आणि ‘पर्यंत’ रिकामी असलेली ओळ चालू धरली की हे तिन्ही प्रश्न आवाक्यात येतात.

मात्र यापेक्षा मोठी चूक तारखेची अट कोठे लावली यात असते. संपूर्ण बीओएम उलगडल्यानंतर शेवटी अट लावली, तर बाद झालेला गिअरबॉक्स गळतो, पण त्याच्या आतील शाफ्ट, सील आणि बेअरिंगे, ज्यांच्या स्वतःच्या तारखा चालू आहेत, ती तशीच उरतात. ड्रिल-डाउनमध्ये त्यांना वर चढायला फांदी नसल्याने ती दिसत नाहीत, पण एकूण बेरजेत मोजली जातात. तारीख, पर्याय, नौकेचा प्रकार अशा प्रत्येक अटीची चाळण उलगडताना, प्रत्येक पातळीवर लागली पाहिजे. पर्यायी भागांचेही तसेच : ३१६ बोल्ट किंवा जस्ताचा बोल्ट, यांपैकी एकच लागणार असताना दोघांची बेरीज होऊ नये, म्हणून पर्यायांच्या गटातून एकच प्राधान्याचा भाग उलगडण्यात घ्यावा.

याच्या उलट, वापरकर्त्याने पडद्यावर लावलेली चाळण, उदाहरणार्थ ‘फक्त बाहेरून विकत घ्यायचे भाग’, उलगडण्याला लावू नये. तसे केले तर ड्रम असेंब्ली घरी बनते म्हणून गळते आणि तिच्यासोबत आतील विकतची बेअरिंगेही जातात. तेथे जुळलेल्या ओळी आणि त्यांच्या मार्गावरील सर्व वरच्या ओळी, एवढे दाखवावे. मार्गाचा स्तंभ असल्याने ते सोपे जाते.

जुन्या विंचचा नौकामालक सुटा भाग मागायला येतो तेव्हा आजच्या तारखेचा अहवाल निरुपयोगी असतो. त्याचा विंच ज्या वर्षी बनला त्या तारखेला, शक्य असल्यास त्या विंचच्या अनुक्रमांकाला लागू असलेले बीओएम उघडले पाहिजे. अहवालात तारीख हा वापरकर्त्याला बदलता येणारा निकष असावा, क्वेरीत ‘आज’ असे कायमचे कोरलेले नसावे.

किरकोळ वाटणारी, पण वेळ खाणारी कारणे

एकके. फ्रेमची १० मिलिमीटर जाडीची प्लेट किलोवर विकत येते आणि बीओएममध्ये नगात असते. अशा प्लेटचे वजन दर चौरस मीटरला ७८.५ किलो, म्हणून ३०० गुणिले ३०० मिलिमीटरचा तुकडा सुमारे ७.०७ किलोचा होतो. हे रूपांतर आयटम मास्टरमध्ये नसेल तर खर्चाच्या स्तंभात एका नगाला एका किलोचा दर लागतो. वाया जाणारा माल धरतानाही दोन रीती आहेत, १० टक्के वाया जातो म्हणून गरज १.१० ने गुणणे किंवा ०.९० ने भागणे, आणि दोन्हींची उत्तरे वेगळी येतात. कोणती वापरायची ते खर्च विभागाशी एकदा ठरवावे. पूर्णांकात आणणे मात्र शेवटच्या बेरजेवरच करावे, प्रत्येक पातळीवर वरचा पूर्णांक घेतला तर आकडा चढत जातो.

फँटम असेंब्ली, म्हणजे जी कागदावर असते पण स्टोअरमध्ये कधी येत नाही, ती तुटवड्याच्या अहवालात दिसता कामा नये. तिचा साठा नेहमी शून्य असल्याने नवखा माणूस तिचीच मागणी पाठवून मोकळा होतो.

भागक्रमांकांचे लेखन हा मराठी कीबोर्ड वापरणाऱ्या कार्यालयांतील खास प्रश्न आहे. देवनागरी अंकांत टंकलेला ६२०८ आणि इंग्रजी अंकांत टंकलेला 6208 वाचणाऱ्याला एकच वाटतात, पण संगणकासाठी ते वेगळ्या अक्षरांचे दोन वेगळे क्रमांक आहेत आणि त्यांची जोडणी सहसा होत नाही. शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करू शकते. एक्सेलमधून माहिती चढवताना सुरुवातीची शून्ये गळतात, ०३-१२ सारख्या क्रमांकाची तारीख होते आणि अंकांच्या मधे इंग्रजी ई अक्षर असलेला क्रमांक घातांकाची संख्या समजून बदलला जातो. स्तंभ मजकूर म्हणून जाहीर केल्याशिवाय फाइल उघडूच नये. ओळींचा क्रम मार्गावर लावत असाल तर मार्गातील प्रत्येक क्रमांक शून्ये लावून समान लांबीचा करावा, नाहीतर १० क्रमांकाची ओळ २ च्या आधी येते.

तपासणीची रीत

दुरुस्ती झाली हे कळण्यासाठी खऱ्या विंचचे बीओएम वापरू नये, कारण त्याचे बरोबर उत्तर कोणालाच हाताने काढता येत नाही. वर दिलेल्या नमुन्यासारखा एक खोटा विंच चाचणी डेटाबेसमध्ये कायमचा ठेवावा. त्यात एक संच दोन ठिकाणी असावा, एकाच असेंब्लीत दोन सारख्या ओळी असाव्यात, एक फँटम, एक पर्यायांचा गट, एक मुदत संपलेली उपअसेंब्ली आणि एक मुद्दाम केलेले वर्तुळ असावे. वरील नमुन्यापुरती अपेक्षित उत्तरे अशी : एम१२ बोल्ट ३८, ६२०८ बेअरिंग ६, ६२०४ बेअरिंग ६, गाईड रोलर संच ३. ड्रिल-डाउनच्या सगळ्या फांद्या उघडून तळाच्या ओळींची बेरीज करावी आणि ती सपाट अहवालाच्या बेरजेशी भागनिहाय ताडावी. जेथे फरक पडेल तो भाग किती मार्गांवर आहे ते पाहावे. एकापेक्षा जास्त मार्गांवर असेल तर दुसऱ्या लक्षणाकडे जावे, एकाच मार्गावर असेल तर पहिल्या किंवा पाचव्या लक्षणाकडे.

खऱ्या यंत्रावरची पडताळणी जूनमध्ये आपोआप होऊ शकते. दुरुस्तीला आलेला विंच पूर्ण उघडला जातोच, तेव्हा त्याच्या अनुक्रमांकाचा ड्रिल-डाउन छापून जोडणी विभागातील कारागिराच्या हातात द्यावा आणि निघालेल्या प्रत्येक भागावर त्याच्याकडून खूण करून घ्यावी. छापण्यासाठी एक्सेलची गटरचना वापरणार असाल तर ती आठ पातळ्यांवर थांबते हे लक्षात ठेवावे. त्याहून खोल असलेल्या गिअरबॉक्ससाठी त्या उपअसेंब्लीपासून सुरू होणारा वेगळा कागद काढावा लागतो.